म्हातारीचा ओढा

पावसाळ्याच्या आरंभीं नदीचें पाणी गढूळ झालें म्हणजे घरांतील वडील बायका तें हंड्यांत भरून, त्यांत तुरटीचा खडा दोनचार वेळां फिरवून, रात्रभर न हालवितां ठेवीत, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें किंवा ऐकलें असेल. सकाळीं पाहावें तों वर नितळ पाणी आणि गाळ तळाशीं! या कृतीचें मर्म तुरटींत जितकें, तितकेंच त्या रात्रभराच्या स्वस्थतेंत आहे. नदीही मोठ्या जलाशयास मिळण्यापूर्वीं कांहीं ठिकाणीं अशीच थांबते. त्या जागेचें मोल काय, आणि ती राखावयाची म्हणजे नेमकें काय करावयाचें, हें पाहण्यासाठीं आज आम्ही वाचकांस दूर अमेरिकेंतील एका ओढ्याच्या कांठीं नेत आहों.

ओहायो संस्थानांत, एरी महासरोवराच्या दक्षिण तीरावर, ह्यूरन गांवाजवळ 'ओल्ड वूमन क्रीक', म्हणजे 'म्हातारीचा ओढा', या नांवाचा एक लहानसा प्रवाह आहे. त्याच्या मुखाजवळचा सुमारें ५७३ एकरांचा प्रदेश १९८० सालीं राष्ट्रीय संशोधनासाठीं राखून ठेवण्यांत आला. अशा राखीव क्षेत्रांची योजना तेथील १९७२ च्या किनारा-व्यवस्थापनाच्या कायद्यानें सुरू झाली असून मध्यवर्ती सरकार व संस्थान सरकार मिळून तीं चालवितात. बहुतेक क्षेत्रें समुद्रकांठचीं आहेत. महासरोवरांच्या कांठचें हें पहिलें. दुसरें, सुपीरियर सरोवराच्या कांठचें, २०१० सालीं झालें.

खाडी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें कोंकणांतील खारें पाणी व भरती-ओहोटी उभी राहते. तेव्हां गोड्या पाण्याची खाडी ही काय वस्तु, असें कोणी विचारील. शंका रास्त आहे. परंतु दोन भिन्न गुणांच्या पाण्यांची भेट हेंच येथें मुख्य लक्षण मानिलें आहे. ओढ्याचें पाणी शेतांतून आलेलें व गढूळ. सरोवराचें त्या मानानें निवळ. भरतीचें काम येथें वारा करितो. पाण्यानें भरलेली परात कलती करून सोडली असतां पाणी जसें हेलकावे खातें, तसें वादळानें एका टोंकाशीं लोटलेलें सरोवराचें पाणी वारा पडतांच मागें फिरतें, आणि ओढ्याच्या मुखांत शिरतें.

सरोवराच्या लाटा त्या मुखाशीं वाळूचा बांध रचतात. प्रवाह क्षीण झाला कीं मुख मिटतें. मोठा पाऊस आला कीं पाणी बांध फोडून बाहेर पडतें. दार मिटलेलें असतां आंतलें पाणी स्वस्थ राहतें, गाळ खालीं बसतो, आणि पाणवनस्पति त्यांतील क्षार शोषून घेतात. उन्हाळ्यांत तेथें पिवळीं कमळें फुलतात. हें कमळ आपल्या कमळाची सख्खी बहीण होय. कारण या कुळांत जगांत दोनच जाति आहेत, एक आपली व दुसरी ही.

एवढ्याशा पाणथळीचें कौतुक कशाला, असें वाटेल. याचें उत्तर त्याच सरोवराच्या पश्चिम टोंकास असलेल्या टोलेडो शहरानें दिलें आहे. शेतांवर घातलेल्या खतांतील फॉस्फरस मॉमी नदीनें सरोवरांत जातो, व उन्हाळ्यांत उथळ, कोमट पाण्यावर हिरवी साय धरते. त्या सूक्ष्म जीवांपैकीं कांहीं विष उत्पन्न करितात. १९१४ नव्हे, अगदीं अलीकडे, २०१४ च्या ऑगस्टांत हें विष नळाच्या पाण्यांत आढळलें, आणि चार लाखांहून अधिक लोकांस सुमारें तीन दिवस नळाचें पाणी पिऊं नये असें सांगण्यांत आलें. पाणी उकळून घ्यावें, हा आपल्या घरांतील रामबाण उपाय. पण तो येथें चालत नाहीं. उकळल्यानें हें विष नाहींसें न होतां पाणी आटून उलट दाट होतें! त्या मॉमी नदीच्या प्रदेशांत पूर्वीं 'ग्रेट ब्लॅक स्वॉम्प' नांवाची विस्तीर्ण दलदल होती. एकोणिसाव्या शतकांत शेतीसाठीं चर खणून ती जवळजवळ सारी कोरडी करण्यांत आली. नदीचा विसांवा गेला, गाळणें गेलें.

म्हणून म्हातारीच्या ओढ्यावरील अभ्यास मोलाचा आहे. तेथें पाण्यांत ठेवलेलीं यंत्रें दर पंधरा मिनिटांनीं उष्णता, प्राणवायु, आम्लता व गढूळपणा यांची नोंद घेतात. फॉस्फरसादि द्रव्यांसाठीं पाण्याचे नमुने नियमानें तपासले जातात. एका वर्षाच्या आंकड्यांनीं कांहींच सिद्ध होत नाहीं. कोरडें वर्ष एक सांगतें, ओलें वर्ष दुसरें. अनेक वर्षांची अखंड वहीच काय तें बोलते.

राखणें म्हणजे नुसतें कुंपण घालणेंही नव्हे. वाळूचें दार निसर्गाच्या स्वाधीन ठेवावें लागतें. पण सरोवर उतरून चिखल उघडा पडला कीं फ्रॅगमायटिस नांवाचें बोरूसारखें उंच परकी गवत तेथें माजतें व मूळच्या वनस्पतींस जागा उरूं देत नाहीं. त्याचें निर्मूलन माणसानेंच करावें लागतें. कोठें हात घालावा व कोठें आवरावा, हा विवेकच खरें राखण.

तरीही एक उणीव राहतेच. राखीव जागा एका चौरस मैलाहूनही लहान, आणि ओढ्यास पाणी देणारा प्रदेश सुमारें २७ चौरस मैल, त्यांतील बहुतेक शेतजमीन. शेतकऱ्यानें बेतानें खत घातलें, ओढ्याच्या कडेला गवताचा पट्टा राखला, तरच खालच्या पाणथळीस आपलें काम झेपेल. अमेरिका व कॅनडा या दोन्ही सरकारांनीं २०१६ सालीं एरींत जाणारा फॉस्फरस शेंकडा ४० नें कमी करण्याचें ठरविलें; पण तो ठराव अखेर एकेका शेताच्या बांधावरच पाळला जावयाचा आहे.

हंड्यांतील पाणी कितीही निगुतीनें निवळलें, तरी वरून कोणी गढूळ ओतीतच राहिलें तर तुरटी तरी काय करील? आपल्या गांवच्या ओढ्याकडे, तळ्याकडे, खाडीकडे पाहतांना हा एक प्रश्न आपण स्वतःस विचारावा, एवढीच आमची विनंती आहे.