सांधेदुखी: झाडपाला की गोळी?

भिलाईहून बोलतोय. फौजेत पाठीवर पिट्ठू घेऊन डोंगर चढलेले गुडघे साठीनंतर कुरकुरतात, तेव्हा हा विषय माझ्याही घरचाच. सांधेदुखीवर झाडपाला बरा की गोळी, असं मला नेहमी विचारतात. त्याआधी विचारा, दुखणं कोणतं?

वयाबरोबर सांध्यातली कूर्चा झिजते, तो झिजेचा संधिवात. उतारवयातली बहुतेक गुडघेदुखी हीच. आमवात वेगळा. त्यात शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच सांध्यांवर हल्ला करते. दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजतात आणि सकाळी बराच वेळ आखडलेली राहतात.

झिजेच्या गुडघेदुखीत वनस्पतींच्या बाजूने चांगला पुरावा आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी 440 रुग्णांवर 24 आठवडे केलेला अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. सुंठ, गुळवेल, आवळा, सालई यांच्या अर्कांची तुलना सेलेकॉक्सिब आणि ग्लुकोसामाइनशी केली. कोणाला काय दिलंय, हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. आराम जवळपास सारखाच मिळाला. यातली सालई तर आपल्या छत्तीसगडच्या रानातली. तिचा डिंक औषधात वापरतात.

पण त्याच अभ्यासात वनस्पती घेणाऱ्या 7 जणांच्या रक्तात यकृताचं एसजीपीटी वाढलं. औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झालं. म्हणजे झाडपाल्यालाही दुष्परिणाम असतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या महिनोन् महिने घेतल्या, तर पोटात व्रण होऊ शकतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाला इजा होते.

आमवातात हिशेबच बदलतो. दुर्गच्या एका ताई आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट सोडून काढा सुरू करणार होत्या. मी म्हटलं, "ताई, ही नुसती दुखणं थांबवणारी गोळी नाही, ती सांधा वाचवते. काढ्याने ठणका कमी वाटेल, पण आत हाड झिजत राहील. वाकडं झालेलं बोट औषधाने सरळ होत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका."

आता बाजारातली बिननावाची पुडी. दोन दिवसांत चमत्कार दिसला तर सावध व्हा. अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. त्याने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

तेव्हा एवढं करा. घटक आणि परवाना क्रमांक छापलेलंच औषध घ्या. डॉक्टर आणि वैद्य, दोघांनाही सगळी औषधं दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नक्कीच. वजन आटोक्यात ठेवा आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम रोज करा. गुडघ्याचा भार तेच उचलतात.

जय हिंद!