अंधारात वाहणारी वीज

प्रकाश डोळ्यात शिरला की तिथे वीज सुरू होत असेल, असं आपण सहज धरून चालतो. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या दृष्टिपटलात मात्र उलटं घडतं. प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी आणि शंकुपेशींमधून वीज वाहते ती अंधारात. उजेड पडला की ती ओसरते.

डोळ्यात विजेचा दाब असतो हे बर्लिनच्या एमिल दु ब्वा-रेमाँ यांना 1849 मध्येच टेंच माशाच्या डोळ्यात दिसलं होतं. 1865 मध्ये स्वीडनच्या फ्रिथिओफ होल्मग्रेन यांनी बेडकाच्या डोळ्यावर उजेड पाडला आणि तो दाब बदलला. पण एकट्या पेशीत काय चालतं ते पाहायला आणखी शंभर वर्षं लागली. जपानचे त्सुनेओ तोमिता कार्प माशाच्या दृष्टिपटलाला हलके झटके देत आणि काचेच्या अतिसूक्ष्म नळीचं टोक शंकुपेशीत शिरवत. उजेडाने पेशी आतून अधिकच ऋण होत होती. मज्जापेशी उत्तेजित झाली की याच्या नेमकं उलट होतं, त्यामुळे हा निकाल चक्रावणारा होता.

कारण आयनांमध्ये आहे. अंधारात दंडपेशीच्या टोकाकडच्या भागात सायक्लिक जीएमपी नावाचा रेणू मुबलक असतो. तो आवरणातली दारं उघडी ठेवतो आणि सोडियम, थोडं कॅल्शियम आत येत राहतं. पेशीच्या दुसऱ्या भागातून पोटॅशियम बाहेर पडतं. विल्यम हेगिन्स आणि सहकाऱ्यांनी 1970 मध्ये उंदरांच्या दृष्टिपटलात हा अंधारप्रवाह मोजला. प्रकाशकण दंडपेशीतल्या रोडोप्सिन या प्रकाश शोषणाऱ्या रंगद्रव्यावर आदळला की सायक्लिक जीएमपी मोडतो, दारं मिटतात. भेकाच्या दंडपेशीत एकाच प्रकाशकणाने प्रवाह सुमारे एक पिकोअँपिअरने घटतो. एवढीशी घट पेशीला जाणवते, ही मला या साऱ्यातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते.

आत शिरलेलं सोडियम बाहेर फेकायला पंप लागतो: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, आणि दर फेरीला एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्याचा एक रेणू खर्च. म्हणूनच मांजराचं दृष्टिपटल उजेडापेक्षा अंधारात अधिक ऑक्सिजन वापरतं.

होल्मग्रेन यांनी पाहिलेल्या त्या बदलाचा आलेख आज नेत्रतज्ज्ञ ईआरजी (इलेक्ट्रोरेटिनोग्राम) म्हणून काढतात. आरपीई65 जनुकातल्या दोषामुळे जन्मापासून नीट न दिसणाऱ्या ब्रिआर्ड कुत्र्यांवर जनुकोपचार झाले, त्याचे निष्कर्ष 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार केलेल्या डोळ्यांत हा आलेख उमटू लागला होता. त्याच जनुकावरच्या माणसांसाठीच्या उपचाराला अमेरिकेत 2017 मध्ये मान्यता मिळाली.