एक शब्द, अर्थ अनेक

एकाच बाजारात उभी असलेली माणसे एकच शब्द उच्चारतात आणि त्याचा अर्थ मात्र आपापल्या परीने घेतात. भाषांच्या सीमेवर हा अनुभव विशेष येतो. आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूर हे असेच एक ठिकाण. तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, बंजारा बोली आणि दखनी उर्दू अशा कितीतरी भाषा तेथे कानी पडतात.

‘पेन’ हा शब्द घ्या. शाळेत पेन म्हणजे लेखणी. गोंडाच्या घरी पेन म्हणजे देव. ‘सगा’ म्हटले की मराठी माणसाला रक्ताचा नातलग आठवतो. गोंड समाजात सगा हा अनेक कुळांचा मिळून झालेला गट होय आणि एकाच सग्यातील वधूवरांचा विवाह निषिद्ध असतो. ‘प्रधान’ म्हणजे आपल्याला राजाचा मंत्री वाटतो. उटनूरकडील प्रधान, अर्थात परधान, हा किंगरी वाजवून गोंडांच्या कुळकथा गाणारा भाट आहे. नवलाची गोष्ट अशी की, या परधानांची घरची बोली मराठी. परंतु यजमानापुढे ते गातात गोंडीत.

हे शब्द एकेका समाजाचे असले, तरी ते गुप्त नाहीत. विचारणाऱ्याला त्यांचा अर्थ आनंदाने सांगितला जातो. काही शब्द मात्र दुसऱ्याला कळू नयेत म्हणूनच घडविले जातात. महाराष्ट्रातील जुन्या पेठांत व्यापारी आणि दलाल यांची ‘नंदभाषा’ अशीच होती. तीत एकाला केवली, दोहोंना आवारू, तिहींना उधानू, चारांना पोकू, पाचांना मुळू, दहांना अंगळू आणि विसांना काठी म्हणत. विसोबा खेचरांच्या नावावर असलेल्या एका अभंगात तर शंकराची पाच मुखे आणि तीन नेत्र याच व्यापारी संख्यांत मोजले आहेत! गुरांच्या बाजारात शब्दाचीही गरज नसे. रुमालाखाली हातात हात घालून, बोटे दाबून सौदा ठरे. धंद्यातली ही युक्ती चतुर खरी. परंतु ज्याचा माल तो शेतकरी शेजारीच उभा असे आणि त्याला आपल्याच मालाचा भाव कळत नसे.

याहून मोठी हानी कचेरीतल्या शब्दांनी केली. ‘पट्टा’ म्हणजे सामान्य मराठी माणसाला कमरेचा किंवा कापडाचा पट्टा वाटेल. महसुलाच्या भाषेत तो जमिनीच्या हक्काचा कागद होय. निजामी राजवटीत सरकारदरबारची भाषा उर्दू होती. रान तोडून पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या गोंडाला हा शब्द आणि त्यामागचा कागद यांची ओळख नव्हती. ज्यांना ती होती, ते बाहेरून येऊन त्या जमिनीचे पट्टेदार झाले. 1940 मध्ये कुमराम भीमूच्या नेतृत्वाखाली जो उठाव झाला, त्याच्या मुळाशी जमीन आणि जंगल यांचाच प्रश्न होता.

त्या उठावानंतर मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी या भागाचा अभ्यास केला. त्यांच्या प्रयत्नाने 1943 मध्ये उटनूरच्या परिसरातील मार्लवाई येथे गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघाले. तेथील वाचनमाला गोंडी भाषेत, पण देवनागरी लिपीत होती. मूल प्रथम आपल्या भाषेत अक्षर ओळखू लागले, म्हणजे पुढे पावती आणि पट्टाही त्याला वाचता येतो, ही त्यामागची दृष्टी होती.

प्रत्येक समाजाला आपले शब्द असणारच आणि ते असावेत. मित्रमंडळींचे, कारागिरांचे, विद्यार्थ्यांचे खास शब्द भाषेला ताजेपणा देतात. पाहायचे ते एवढेच, की शब्द आपलेपणा जोडण्यासाठी आहे, की दुसऱ्याला अंधारात ठेवण्यासाठी. अपरिचित शब्दाचा अर्थ विचारण्यात कमीपणा नाही. तो सांगण्याची टाळाटाळ करणाऱ्याशी व्यवहार करताना मात्र सावध राहावे.