टेबलावरचे यार्ड

भुसावळ किंवा दौंड यांसारखे मोठे जंक्शन जवळ आले, की गाडीचा वेग मंदावतो आणि खिडकीबाहेर रुळांच्या जोड्या एकीला एक लागून पसरत गेलेल्या दिसतात. एका मार्गाचे दोन होतात, दोहोंचे चार, चारांचे आठ. प्रवाशाला तो सारा पसारा निरुद्योगी वाटतो. आपली गाडी फलाटाला केव्हा लागेल याकडेच त्याचे लक्ष असते. वास्तविक मालवाहतुकीतील अत्यंत नाजूक काम अशाच जागी होत आलेले आहे. या जागेला यार्ड म्हणतात, आणि एंजिन पुढेमागे नेऊन वाघिणींची निवड व जुळणी करण्याच्या कामाला शंटिंग.

हे काम पोस्टात पत्रे लावण्यासारखे आहे. निरनिराळ्या गावांची पत्रे एका पिशवीतून येतात आणि गावागावांप्रमाणे वेगळी होऊन जातात. त्याचप्रमाणे निरनिराळ्या ठिकाणांच्या वाघिणी एका गाडीने येतात आणि वेगवेगळ्या गाड्यांनी पुढे जातात. पण एक मोठा भेद आहे. गठ्ठ्याच्या मधले पत्र आपण दोन बोटांनी उचलून घेऊ शकतो. वाघीण उचलता येत नाही. रांगेतील सातवी वाघीण हवी असेल, तर तिच्या पुढच्या सहा आधी बाहेर काढाव्या लागतात, त्या सहांना कोठेतरी थारा द्यावा लागतो, आणि मग त्या पुन्हा जागेवर आणाव्या लागतात. यार्डातील सारी बुद्धी आणि सारे कष्ट या एका अडचणीतून उत्पन्न झालेले आहेत.

आपल्या देशात १९८० नंतरच्या काळात हे काम पुष्कळच कमी झाले. कोळसा, सिमेंट, धान्य असा एकाच जातीचा माल भरलेली अख्खी गाडी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याची पद्धत रूढ झाली, आणि वाघिणी निवडणारी अनेक यार्डे बंद पडली. आज एखाद्या विद्यार्थ्याला शंटिंगची कला शांतपणे न्याहाळायची झाली, तर तिचे फार चांगले दर्शन एका अनपेक्षित ठिकाणी घडते. ते ठिकाण म्हणजे छंद म्हणून उभारलेली छोटी रेल्वे.

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये हा छंद प्रौढ माणसांचा आहे. लहान मुलाची किल्लीची आगगाडी वर्तुळात फिरत राहते. तिला कोठे जायचे नसते. या छंदाला लागलेल्या मंडळींना तेवढ्याने समाधान होत नाही. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरी राहणारे फ्रँक एलिसन यांनी आपल्या घरी ‘डेल्टा लाइन्स’ नावाची छोटी रेल्वे उभारली होती. १९४४ साली त्यांनी ‘मॉडेल रेलरोडर’ या मासिकात लेखमाला लिहून या रेल्वेमागील विचार मांडला. एलिसन रंगभूमीवर वावरलेले गृहस्थ होते. त्यांनी छोट्या रेल्वेला नाटकाची उपमा दिली: डोंगर, घरे हा पडदा, रूळ ही रंगभूमी, गाड्या ही पात्रे, आणि वेळापत्रक हे कथानक. पात्रे कितीही नटलेली असली, तरी कथानकावाचून नाटक उभे राहत नाही. छोट्या यार्डाबद्दलही हेच म्हणता येईल. वाघिणींवर गंज किती हुबेहूब रंगवला आहे, यापेक्षा त्या वाघिणींना काही काम आहे की नाही, यावर त्याचा खरेपणा अवलंबून असतो.

पहिली अडचण जागेची. या छंदातील अतिशय लोकप्रिय प्रमाण १ः८७ हे आहे. म्हणजे खरी वस्तू सत्याऐंशी पटींनी लहान केलेली असते. चाळीस फूट लांबीची वाघीण या प्रमाणात सुमारे १४ सेंटिमीटरची होते. लहान वाटते खरी; पण दहा वाघिणी उभ्या करायच्या तर दीड मीटर टेबल हवे. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात नॉर्थ प्लॅट येथे बेली यार्ड आहे. जगातील अत्यंत विशाल यार्डांत त्याची गणना होते, आणि त्याची लांबी सुमारे १३ किलोमीटर आहे. ते १ः८७ प्रमाणात उभारायचे झाले, तर दीडशे मीटर लांबीची खोली लागेल! म्हणून छंदवाल्याला निवड करावी लागते. रुळांची संख्या तो कमी करतो, त्यांची लांबी आखडती घेतो. पण यार्डाच्या ज्या अवयवांवाचून काम चालत नाही ते मात्र वगळत नाही.

हे अवयव फार नाहीत. बाहेरून आलेली गाडी जेथे थांबते तो एक मार्ग, वाघिणी ठिकाणांप्रमाणे लावून ठेवण्यासाठी एकमेकांना समांतर असे चार-पाच मार्ग, त्या सर्वांना एका तोंडाशी जोडणारी सांध्यांची तिरपी ओळ, एंजिनाची शाळा, आणि गार्डाच्या डब्यासाठी एक लहानसा फाटा. यांखेरीज आणखी एक मार्ग लागतो, आणि नवशिक्यांच्या आराखड्यात नेमका तोच राहून जातो. सांध्यांच्या ओळीपासून विरुद्ध दिशेला निघणारा, मुख्य लाइनीला समांतर असा हा ओढमार्ग होय. रांगेतून उपसलेल्या वाघिणी घेऊन शंटिंगचे एंजिन ज्यावर मागे सरते, तो हा मार्ग. तो नसेल, तर एंजिनाला दर खेपेस मुख्य लाइनीवर यावे लागते. आणि मुख्य लाइनीवरून तर उतारूंची गाडी यायची असते. मग एकतर शंटिंग थांबते किंवा उतारू ताटकळतात. हा ओढमार्ग आखूड असला तरीही गैरसोयच. त्यावर पाचच वाघिणी मावत असतील, तर दहा वाघिणींची रांग दोन तुकड्यांनी उपसावी लागते आणि श्रम दुप्पट होतात.

आता वाघिणींना काम कसे द्यायचे ते पाहू. अमेरिकन छंदवाल्यांनी यासाठी एक साधी आणि मोठी चतुर युक्ती प्रचारात आणली आहे. प्रत्येक वाघिणीचे एक पत्रक असते. त्यावर तिचा क्रमांक व जात लिहिलेली असते, आणि पत्रकाला एक खिसा चिकटवलेला असतो. खिशात एक चिठ्ठी घालतात. ती सांगते, की ही वाघीण कोळसा घेऊन अमुक वखारीत जायची आहे. चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंना, दोन्ही टोकांना मिळून चार मुक्काम लिहिता येतात. एक मुक्काम पुरा झाला, की चिठ्ठी फिरवून घालायची. तीच वाघीण आता रिकामी होऊन परत निघते. अशा रीतीने निर्जीव डब्याला प्रवासाचे प्रयोजन लाभते. यार्डाच्या कडेला प्रत्येक मार्गासाठी एक याप्रमाणे पेट्या बसवलेल्या असतात, आणि मार्गावर वाघिणी ज्या क्रमाने उभ्या आहेत त्याच क्रमाने त्यांची पत्रके पेटीत राहतात. यार्डाचा प्रमुख रुळांकडे पाहण्याआधी हातातील पत्रकांकडे पाहतो.

समजा, बारा वाघिणींची गाडी आली. ती ठरलेल्या मार्गावर थांबते. लांब पल्ल्याचे एंजिन सुटून शाळेकडे जाते. शंटिंगचे लहान एंजिन मागच्या बाजूने येते, गार्डाचा डबा अलग करून त्याच्या फाट्यावर नेऊन ठेवते, आणि मग वाघिणींना हात घालते. उत्तरेच्या वाघिणी एका मार्गावर, दक्षिणेच्या दुसऱ्यावर, गावातील वखारींच्या तिसऱ्यावर. जाणता यार्डप्रमुख प्रत्येक वाघिणीसाठी वेगळी खेप करीत नाही. एकाच ठिकाणच्या दोन-तीन वाघिणी लागोपाठ असतील, तर तो त्यांना एकच समजून ढकलतो. बाहेर जाणारी गाडी बांधताना ज्या स्थानकाच्या वाघिणी आधी सोडायच्या, त्या सामान्यतः एंजिनाजवळ ठेवाव्या लागतात. येथे घाई केली, तर पुढच्या प्रत्येक स्थानकावर त्या गाडीच्या चालकाला घोटाळा निस्तरावा लागतो.

घाईचा मोह मात्र मोठा असतो, कारण समोर घड्याळ असते. छोट्या रेल्वेवरील दोन स्थानके हाताच्या अंतरावर असतात. खऱ्या घड्याळाने गाड्या चालवल्या तर सारा दिनक्रम हास्यास्पद होईल. म्हणून चौपट किंवा सहापट वेगाने धावणारे घड्याळ लावतात. पण हे घड्याळ यार्डावर अन्याय करते. अंतरे आखडली, तरी वाघीण जोडण्या-सोडण्याला लागणारा वेळ आखडत नाही. दहा मिनिटांचे शंटिंग सहापट घड्याळावर पूर्ण एक तास खाते, आणि तेवढ्यात पुढची गाडी सिग्नलाशी येऊन उभी राहते. यार्डात उभा असलेला माणूस घामाघूम होतो, तो या कारणाने.

तरीही एंजिन पळवायचे नाही, हा नियम. खऱ्या यार्डात वाघिणीला एंजिन भिडते ते चालत्या माणसाच्या गतीने. ताशी साडेसहा किलोमीटर ही गती १ः८७ प्रमाणात सेकंदाला केवळ दोन सेंटिमीटर भरते. पट्टी आणि घड्याळ घेऊन कोणीही याचा पडताळा पाहावा. गोगलगाय नव्हे, पण मुंगी सहज पुढे जाईल अशी ही चाल आहे. जोडणी झाली, की चालक क्षणभर थांबतो. खऱ्या रेल्वेवर तेवढ्या अवधीत माणूस खाली उतरून ब्रेकची नळी जोडीत असतो, तिचे स्मरण ठेवायचे.

त्या माणसाचे स्मरण ठेवण्याला आणखीही कारण आहे. एके काळी अमेरिकेत दोन वाघिणी भिडत असताना मधे उभे राहून हाताने कडी अडकवावी लागे. कित्येकांची बोटे गेली, कित्येक चिरडून मेले. ईलाय जॅनी याने १८७३ साली मुठीसारखी आपोआप मिटणारी जोडणी शोधून तिचे पेटंट घेतले. परंतु अशा आपोआप मिटणाऱ्या जोडण्यांची सक्ती करणारा कायदा होण्यास १८९३ साल उजाडले. छोट्या वाघिणींना आज जी जोडणी असते ती दिसायला त्याच मुठीची प्रतिकृती आहे. ती सोडवण्यासाठी रुळांमध्ये लोहचुंबक बसवतात, किंवा बारीक काडी घालून ती उघडतात. इंग्लंडमधील काही मंडळी मात्र जुन्या पद्धतीच्या साखळीची तीन कड्यांची प्रतिकृती वापरतात आणि तारेच्या आकड्याने ती अडकवतात. हे काम सुईत दोरा ओवण्यासारखे आहे. हात थरथरणाऱ्याने त्याच्या वाटेस जाऊ नये.

एवढे मोठे यार्ड ज्याला साधत नाही, त्याच्यासाठी इंग्लंडमधील ॲलन राइट यांनी ‘इंगलनुक’ नावाची रचना योजली. एका फळीवर ती मावते. तीन फाटे: एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. ओढमार्गावर एंजिन आणि तीन वाघिणी, यांहून अधिक काही मावत नाही. वाघिणी एकूण आठ. त्यांतील पाचांच्या चिठ्ठ्या उचलायच्या आणि ज्या क्रमाने चिठ्ठ्या निघतील त्याच क्रमाने त्या पाच वाघिणी लांब फाट्यात उभ्या करायच्या. पहिल्या चिठ्ठीला आठ पर्याय, दुसरीला सात, मग सहा, पाच, चार. यांचा गुणाकार ६,७२० होतो. म्हणजे एका फळीवर सहा हजार सातशे वीस निरनिराळ्या गाड्या बांधता येतात.

हे वाटते तितके सोपे नाही. लांब फाट्यात पाच वाघिणी आहेत आणि एका आखूड फाट्यात तीन. दुसरा आखूड फाटा रिकामा आहे. आपल्याला लांब फाट्याच्या तळाची वाघीण वेगळी करायची आहे. पुढच्या तीन ओढून रिकाम्या फाट्यात ठेवल्या, की तोही भरला. आता उरलेल्या दोन ओढल्या. तळाची वाघीण एंजिनापासून दूरच्या टोकाला आहे, म्हणून आधी तीच सोडता येते. पण सोडायची कोठे? मोकळी जागा फक्त लांब फाट्यात, म्हणजे जेथून ती काढली तेथेच! सरळ दिसणारी वाट अशी फिरून मूळपदावर येते. आधीच विचार करून मधल्या वाघिणींची वाटणी निराळी करावी लागते.

या खेळातील खरा धनी कोण, हे मोजून पाहण्यासारखे आहे. फाट्यांतील जागा अकरा आणि वाघिणी आठ. तीन जागा रिकाम्या आहेत म्हणूनच काही हालचाल शक्य होते. अकराही जागा भरलेल्या असत्या, तर एंजिनाने तीन वाघिणी बाहेर काढल्या तरी त्या ठेवायला एकच जागा राहिली असती, जेथून काढल्या तीच. सोळा घरांत पंधरा सोंगट्या सरकवण्याचा खेळ ज्याने खेळला असेल, त्याला हे चटकन उमगेल. मोठ्या यार्डालाही हाच न्याय लागू आहे. भरगच्च यार्ड पाहणाऱ्याला वैभवशाली वाटते. काम करणाऱ्याच्या दृष्टीने ते गुदमरलेले असते.

जॉन ॲलन या अमेरिकन छंदवाल्याने ‘टाइमसेव्हर’ नावाचे असेच एक कोडे १९७२ साली प्रसिद्ध केले. त्यात कमीत कमी वेळात वाघिणी लावण्याची चढाओढ असते. मौज पुष्कळ आहे. परंतु कोडे आणि यार्ड यांत फरक करावा, हे बरे. कोडे रचणारा मुद्दाम अडचणी पेरतो. यार्ड बांधणारा अभियंता त्या टाळण्यासाठी झटतो. ज्याला खरेपणा हवा, त्याने रूळ सोयीचे घालावेत. अडचणी निर्माण करण्यासाठी वाघिणी, वेळापत्रक आणि उशिरा आलेली एखादी गाडी पुरेशी असते.

संध्याकाळी शेवटची गाडी बांधून होते. गार्डाचा डबा शेपटाला लागतो, शंटिंगचे एंजिन बाजूला सरते, सिग्नल पडतो आणि गाडी सेकंदाला काही सेंटिमीटर या चालीने यार्डाबाहेर पडते. यार्डप्रमुख मागे राहिलेल्या पेट्या एकेक करून उघडतो, पोचलेल्या वाघिणींच्या चिठ्ठ्या खिशातून काढतो आणि पुढच्या खेळासाठी त्या फिरवून पुन्हा खिशात घालतो.