गाडीला वजन पाहिजे म्हणे!

रोज ऑफिसला जायला साडेतीनशे सीसीची रेट्रो गाडी घ्यावी का, असं चारचौघांत कुणी विचारलं की एक जण हमखास सांगतो, "बिनधास्त घे. गाडीला वजन पाहिजे. हलक्या गाडीत काय राम आहे?" हे मी गॅरेजमध्ये ऐकलंय, शोरूममध्ये सेल्समनच्या तोंडून ऐकलंय आणि ज्यांनी आयुष्यात स्कूटरशिवाय काही चालवलं नाही त्यांच्याकडूनही ऐकलंय. आता मात्र कान किटले.

उदाहरणासाठी रॉयल एन्फील्डची हंटर ३५० घेऊ. ऑगस्ट २०२२ मध्ये ती दीड लाखाच्या किंचित आत एक्स-शोरूम किमतीला आली. दिसायला जुन्या वळणाची, पण बांधलेली शहरासाठी. कंपनीच्या तपशीलपत्रकानुसार पेट्रोल-ऑइलसकट तिचं वजन १८१ किलो. त्याच घरातली क्लासिक ३५० भरते १९५ किलो, आणि आपली रोजची स्प्लेंडर ११२ च्या आसपास. वजन म्हणजेच गुण असेल, तर कंपनीने तेच ३४९ सीसीचं इंजिन वापरून नवी गाडी मुद्दाम १४ किलोंनी हलकी का केली असेल?

समज आला कुठून ते कळतं. १९५५ पासून मद्रासला बुलेट बनायला लागली. फौजेत तीच, पोलिसांकडे तीच, गावच्या पाटलाच्या दारातही तीच. तिचा सिलिंडर बिडाचा, फ्लायव्हील दणकट, मडगार्ड जाड पत्र्याचे. फ्लायव्हील जड असल्याने इंजिन कमी आरपीएमलाही बंद न पडता ओढत राहायचं, एवढी गोष्ट खरी. पण तो गुण त्या एका फिरत्या चकतीचा. तो लोकांनी सगळ्या गाडीच्या वजनाला चिकटवला आणि ‘जड ती मजबूत’ असं समीकरण होऊन बसलं.

मजबुती पोलादाच्या प्रतीत असते, वेल्डिंगमध्ये असते, फ्रेमच्या आखणीत असते. किलोत ती मोजता येत नाही. बजाजच्या एम-८० वर दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लादून गवळ्यांनी वर्षानुवर्षं खेड्यातले रस्ते तुडवले. ती काय जड गाडी होती? उलट, त्याच खड्ड्यात त्याच वेगाने गेलं तर जड गाडीच्या रिमला आणि सस्पेन्शनला जास्त मार सोसावा लागतो.

मग दुसरा मुद्दा येतो: "जड गाडी रस्ता धरून चालते." गाडी सरळ आणि स्थिर चालते ती पुढच्या फोर्कचा कल, दोन चाकांमधलं अंतर, टायर आणि वेग यांच्या मेळामुळे. क्लासिकला पुढे १९ आणि मागे १८ इंची चाकं आहेत, हंटरला दोन्हीकडे १७ इंची. चाकांमधलं अंतर क्लासिकमध्ये १३९० मिलिमीटर, हंटरमध्ये १३७०. म्हणून हंटर गर्दीत चटकन वळते आणि क्लासिक संथ, भारदस्त वाटते. हायवेवर शेजारून कंटेनर सुसाट गेला की वाऱ्याच्या झोताने जड गाडी कमी हलते, हे मान्य. पण तुम्ही गाडी घेताय सिंहगड रोडच्या ट्रॅफिकसाठी. तिथे ताशी दहा-पंधराच्या वेगात चाकांच्या फिरण्याचा आधार जवळजवळ मिळत नाही, तोल तुमच्या पायांनी आणि कमरेनेच सांभाळावा लागतो. जड गाडीचं वजन सगळ्यात जास्त जाणवतं ते तिथे, सिग्नलला आणि सोसायटीच्या बेसमेंटच्या चढावर. १८१ किलोंची गाडी पावसात ओल्या फरशीवर एकदा कलली की ‘वजन पाहिजे’ म्हणणारे आजूबाजूला नसतात.

ब्रेकचंही तसंच. टायर आणि रस्ता सारखे असतील, तर पूर्ण ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर वजनाने कमी होत नाही. ताशी ५० च्या वेगात तुम्ही सेकंदाला जवळपास १४ मीटर जाता. समोर काही आडवं आल्याचं लक्षात येऊन हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सरतो, म्हणजे १४ मीटर तिथेच गेले. नंतर कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकला आणखी तेवढंच अंतर लागतं. स्प्लेंडर असो की हंटर, पहिले १४ मीटर कुणालाच चुकत नाहीत. फरक पडतो तो टायर, डिस्क आणि एबीएसने. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. पण हंटरच्या सगळ्यात स्वस्त व्हेरिएंटला ते एकाच चाकाला मिळतं, मागे साधा ड्रम ब्रेक येतो. वजनाची चौकशी करणाऱ्यांपैकी किती जण हा प्रश्न विचारतात?

आणि सगळ्यात वैताग आणणारा युक्तिवाद: "ठोकली गेलीच तर जड गाडी वाचवते." अहो, माल भरलेला दोन अ‍ॅक्सलचा ट्रक सोळा-अठरा टनांचा असतो. त्याच्यापुढे तुमचे जादा ७० किलो कुठे लागतात? शिवाय दुचाकीवर माणूस गाडीत बसलेला नसतो. धडक बसली की गाडी एकीकडे आणि तो दुसरीकडे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरचे होते, आणि हेल्मेट न घालता दगावलेले ५० हजारांवर. वाचायचं असेल तर दीड किलोचं वजन डोक्यावर चढवा.

बाकीचे समज तुलनेने निरुपद्रवी आहेत.

‘धडधड जास्त, म्हणजे ताकद जास्त.’ नाही. एकच मोठा सिलिंडर, लांब स्ट्रोक आणि सायलेन्सरची रचना यांतून तो आवाज येतो. हंटरची ताकद २०.२ बीएचपी, आणि टीव्हीएसच्या रोनिनचं २२६ सीसीचं इंजिन जवळपास तेवढीच देतं. हंटरचा खरा फायदा २७ न्यूटन-मीटर टॉर्कचा आहे. रोनिनमध्ये तो २० च्या आत. गर्दीत गिअर कमी बदलावे लागतात ते त्यामुळे. आवाजासाठी सायलेन्सर बदलणाऱ्यांनी पुणे पोलिसांनी जप्त सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या एकदा वाचाव्यात.

‘साडेतीनशे सीसी म्हणजे टॅक्स आणि इन्शुरन्सने कंबरडं मोडणार.’ इथे तो ३४९ चा आकडा कामाला येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के लागला. थर्ड पार्टी विम्याचा जून २०२२ मध्ये ठरलेला वार्षिक दर १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये, त्यापुढे थेट २,८०४. महाराष्ट्राचा रोड टॅक्स मात्र २९९ सीसीच्या वर १२ टक्के आहे. तिथे सुटका नाही.

‘पेट्रोल पिते.’ पिते, पण हिशोब करून बघा. कंपनी एआरएआयच्या चाचणीचा ३६.२ किलोमीटरचा आकडा देते. (ही संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. तिथल्या यंत्रावरच्या चाचणीत कर्वे रोडचे सिग्नल नसतात.) शहरात ३५ धरा, महिन्याला ७५० किलोमीटर धरा, लिटरला १०४ रुपये धरा. साठचं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या शंभर सीसीच्या गाडीपेक्षा महिन्याला नऊएक लिटर जास्त लागेल, म्हणजे साधारण साडेनऊशे रुपये. परवडतं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, पण ‘पांढरा हत्ती’ म्हणण्याइतकं ते नक्कीच नाही.

‘किक नाही, बॅटरी गेली की बसा.’ फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंपालाच वीज लागते. बॅटरी पूर्ण मेली असेल तर किक असून तरी काय उपयोग?

‘महागडं प्रीमियम पेट्रोल टाकलं की पळते.’ कॉम्प्रेशन ९.५ ला १ आहे. साधं पेट्रोल पुरतं.

‘स्पोकची चाकंच खरी रेट्रो.’ दिसायला छान, पण त्यात ट्यूब असते. ऑफिसच्या वेळेत पंक्चर झालं तर चाक खोलावं लागतं. रोजच्या वापराला अलॉय आणि ट्यूबलेस घ्या.

‘मागचं सस्पेन्शन कडक नाही, लोक उगाच बोलतात.’ उगाच बोलत असते, तर कंपनीने २०२५ च्या मॉडेलमध्ये मागच्या स्प्रिंगा बदलल्या नसत्या. त्याच वेळी क्लच हलका केला आणि ग्राउंड क्लिअरन्स १५० वरून १६० मिलिमीटर केला. जुनी हंटर सेकंडहँड घेणाऱ्यांनी आपल्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरची उंची डोळ्यांसमोर आणावी.

‘रेट्रो सीट म्हणजे दोघांना ऐसपैस.’ हे क्लासिकबद्दलही जपून बोलावं, हंटरबद्दल तर नाहीच. तिची मागची जागा आखूड आहे. टेस्ट राइडला एकट्याने जाऊ नका. रोज मागे बसणारं जे कुणी असेल त्याला सोबत न्या आणि शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावरून नाही, जवळच्या खोदलेल्या रस्त्यावरून एक चक्कर मारा.