समुद्रकांठचें घर आणि तें बांधणारी

समुद्रकांठीं उतारावर घर बांधावयाचें म्हटलें, कीं मनुष्य प्रथम सुरुंग व पहारी शोधूं लागतो. जमीन सपाट करावयाची, वर इमला चढवावयाचा आणि सारें तोंड समुद्राकडे करून मोकळें व्हावयाचें, ही सर्वसाधारण रीति. परंतु सुटीच्या विसाव्याचें घर कसें असावें, याचा याहून निराळा विचार फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर एका स्त्रीनें केला. तिचें नांव आयलीन ग्रे.

ग्रेबाई १८७८ सालीं आयर्लंडांत जन्मल्या आणि पॅरिसमध्यें लाखेच्या रोगणाच्या कामानें नांवारूपास आल्या. वास्तुविद्येचें रीतसर शिक्षण त्यांना मिळालेलें नव्हतें. एका वास्तुविषयक नियतकालिकाचे संपादक जाँ बादोव्हिची या स्नेह्यासाठीं त्यांनीं रोकब्रून-काप-मार्तँ येथें १९२६ ते १९२९ या काळांत हें घर उभें केलें. 'ई-१०२७' हें त्याचें नांव ऐकून आगगाडीच्या डब्याची आठवण व्हावी. पण तें एक कोडें आहे. 'ई' हें आयलीनचें आद्याक्षर. आणि रोमन वर्णमालेंतील दहावें, दुसरें व सातवें अक्षर हीं अनुक्रमें जाँ, बादोव्हिची व ग्रे यांचीं.

जागा खडकाळ आणि उताराची. गाडी जाईल असा रस्ता नाहीं. सामान एकचाकी हातगाडीनें आणावें लागे. बाईंनीं तेथें मुक्काम करून ऊन केव्हां कोठें पडतें व वारा कोठून येतो, हें लक्षपूर्वक पाहिलें. उतार तोडण्याऐवजीं त्यांनीं त्याच्याशीं जुळतें घेतलें. वर दिवाणखाना व निजण्याची मुख्य खोली. खालीं पाहुण्यांची व मोलकरणीची खोली. कांहीं भाग बारीक खांबांवर उचललेला, म्हणून त्याखालीं सावलीची बैठक. निजण्याच्या खोलीस सकाळचें ऊन मिळतें, दिवाणखान्यापुढें समुद्राकडील लांब सज्जा आहे व त्यावर उन्हासाठीं जाड कापडाचें छत. खिडक्या घडी घालून बाजूस सारतां येतात. उजेड किती घ्यावा, हें घरांतल्या माणसाच्या हातीं राहतें.

स्वयंपाकघराची योजना तर गृहिणींनीं मुद्दाम पाहावी. त्या भागांतील शेतकरी स्त्रिया उन्हाळ्यांत बाहेर आणि हिंवाळ्यांत आंत रांधतात, हें पाहून बाईंनीं तें मुख्य खोल्यांपासून अलग ठेवलें व दोन्ही सोयी साधल्या. बिछान्यांत बसून न्याहारी करणारासाठीं त्यांनीं पोलादी नळीचें, वर-खालीं होणारें कांचेचें मेज केलें. तें आजहि जगभर विकलें जातें.

या साऱ्यामागें एकच सूत्र होतें: घर लहान असलें तरी त्यांतील प्रत्येकास स्वतंत्रपणें वावरतां यावें. म्हणून पाहुण्याच्या खोलीस बागेंत उघडणारें दार दिलें, आणि प्रवेशद्वाराशीं असा आडपडदा ठेवला कीं दार उघडतांच सारा दिवाणखाना आल्यागेल्याच्या दृष्टीस पडूं नये. दहाबारा माणसांच्या घरांत ज्यांनीं दोन घटका एकांतासाठीं माडीचा कोपरा शोधला आहे, त्यांना याचें मोल सांगावयास नको.

परंतु बाईंच्या वांट्यास घराचें सुख फार काळ आलें नाहीं. थोड्याच वर्षांत त्यांनीं तें सोडलें. पुढें १९३८-३९ मध्यें प्रसिद्ध वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिए यांनीं त्यांना न विचारतां त्या स्वच्छ भिंतींवर मोठमोठीं चित्रें रंगविलीं. आपल्या कामाची ही नासधूस आहे, असेंच बाईंना वाटलें. हेच कॉर्बुझिए पुढें आपल्या चंदीगडचे रचनाकार झाले, आणि १९६५ सालीं याच घराखालच्या समुद्रांत पोहतांना मरण पावले. मध्यंतरीं घराचें श्रेयहि पुष्कळांनीं दुसऱ्यांच्याच पदरीं घातलें. १९७६ मध्यें बाई अठ्ठ्याण्णवाव्या वर्षीं वारल्या. पडझड झालेलें तें घर पुढें सरकारी किनारा-संरक्षण संस्थेनें घेतलें व दुरुस्त झाल्यावर २०१५ पासून लोकांस पाहण्यास खुलें झालें. आतां तें ग्रेबाईंचें घर म्हणूनच ओळखलें जातें.

कोणाची उताराची जागा असेल, तर नकाशा काढण्यापूर्वीं सकाळ, दुपार व संध्याकाळ त्यांनीं तेथें बसून काढावी. आणि नकाशा पुरा होण्यापूर्वीं, ज्या घरांत आयुष्य घालवावयाचें त्याविषयीं घरांतील बायकांना काय वाटतें, हें एकदां विचारावें. भिंती उभ्या राहिल्यावर विचारून उपयोग नसतो.