घरगुती जनित्र : उपयोग आणि धोके

ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन थडकलें. श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्यांच्याबरोबर विजेचे खांबहि कोसळले. कांहीं गांवांत वीज परत येण्यास कित्येक आठवडे लागले. विहिरींत पाणी होतें, पण पंप चालत नव्हता. अशा वेळीं ज्याच्या घरीं पेट्रोलवर चालणारें लहानसें जनित्र, म्हणजे बोलण्यांतला जनरेटर, असतें, त्याच्याकडे साऱ्या आळीचे डोळे लागतात. परंतु या यंत्राचा उपकार घ्यावयाचा, तर त्याचा स्वभाव आधीं समजून घेतला पाहिजे.

जनित्राची वीजहि घरच्या विजेप्रमाणें २३० व्होल्ट दाबाची असते. मात्र तिचा पुरवठा अगदीं मर्यादित असतो. ९ वॅटांचे ६ दिवे आणि ७५ वॅटांचे २ पंखे मिळून २०४ वॅट होतात. हा भार २ किलोवॅटचें जनित्र सहज वाहतें. १ अश्वशक्तीचा पंप मात्र चालतांना सुमारें १,००० वॅट घेतो आणि सुरू होतांना क्षणभर त्याच्या कित्येक पट ओढतो. म्हणून आपलें जनित्र पंपाला पुरेल कीं नाहीं, हें जाणत्याकडून आधींच ठरवून घ्यावें व पंप लावतांना बाकी सारें बंद ठेवावें. टाकी भरल्यावर फ्रीज लावावा. दार वारंवार न उघडल्यास त्यांतील गारवा सुमारें ४ तास टिकतो. त्यामुळें यंत्र मधून मधून चालविलें तरी भागतें.

खरा धोका धुरांत आहे. पेट्रोल जळतांना कार्बन मोनॉक्साइड हा वायु निर्माण होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील जें द्रव्य प्राणवायु शरीरभर पोहोंचवितें, त्याला हा वायु प्राणवायूपेक्षां २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, पण त्याचा उपयोग होत नाहीं. प्रथम डोकें दुखतें, मग घेरी येते, उलटी होते. झोपलेल्या माणसाला तर हीं लक्षणें कळतहि नाहींत. पाऊस लागला, कीं यंत्र भिजूं नये म्हणून तें पडवींत आणण्याचा मोह होतो, आणि तेथेंच घात होतो. खिडक्या उघड्या ठेवल्यानें हा धोका टळत नाहीं. यंत्र घरापासून निदान २० फूट दूर, चारी बाजूंनीं मोकळ्या अशा छपराखालीं, कोरड्या जागीं ठेवावें. धुराचें तोंड शेजाऱ्याच्याहि खिडकीकडे नसावें. कोणाचें डोकें जड झाल्यास त्याला तत्काळ उघड्या हवेंत न्यावें, यंत्र बंद करावें आणि दवाखाना गांठावा. पेट्रोल भरण्यापूर्वीं यंत्र थंड होऊं द्यावें. तापलेल्या एंजिनावर सांडलेलें पेट्रोल पेट घेतें.

दुसरा धोका घरच्या माणसाला दिसत नाहीं. जनित्राची तार भिंतींतल्या प्लगांत खुपसून सारें घर उजळविण्याची युक्ति कांहीं जण करतात. परंतु मेन स्विच चालू राहिला असेल, तर ती वीज घरांत न थांबतां बाहेरच्या तारांवर जाते. गांवचें रोहित्र ११,००० व्होल्टांचा दाब उतरवून घरांना वीज पुरवितें. उलट दिशेनें वीज आली, तर तेंच रोहित्र तिचा दाब चढवितें. तारा मृत आहेत अशा समजुतीनें खांबावर चढलेल्या वायरमनचा त्यांत प्राण जाऊं शकतो. यासाठीं परवानाधारक कारागिराकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. त्याची रचनाच अशी असते, कीं घर एका वेळीं एक तर बाहेरच्या तारेला जोडलेलें असतें, नाहीं तर जनित्राला. दोहोंना कधींहि नाहीं. तो नसेल, तर दिवा-पंखा जाड, अखंड तारेनें थेट जनित्रालाच जोडावा.

ज्या घरीं उजेड आहे, त्यानें शेजाऱ्यांना दोन हंडे पाणी द्यावें, त्यांचे मोबाइल भरून द्यावेत, आळींतील मधुमेह्याचें इन्शुलिन आपल्या फ्रीजमध्यें ठेवूं द्यावें. रात्रीं निजण्यापूर्वीं मात्र यंत्र बंद करावें; पहांटेपर्यंत एक कंदील पुरतो.